फोटो ढगात, किल्ली कोणाच्या हातात?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे तो असा : मोबाइलमधले फोटो आणि कागदपत्रं ‘क्लाउड’वर ठेवणाऱ्यांना आलेले अनुभव. रौप्यमहोत्सवात हा विषय कशाला, असं काही जणांना वाटलं असेल. पण हा विषय निघाला तो स्मरणिकेच्याच कामातून. गेले दोन महिने समितीची मंडळी घरोघरी जाऊन जुने फोटो गोळा करत होती. २००० सालच्या भूमिपूजनाचे फोटो मिळाले. अल्बमच्या कडा पिवळ्या पडल्यात, पण फोटो आहेत. २००५ च्या गणपतीचे मिळाले. अडचण आली ती २०१२ ते २०१९ या वर्षांची. खरं तर याच वर्षांत आपण सगळ्यात जास्त फोटो काढले. पण मागायला गेलं की उत्तर ठरलेलं : ‘तो फोन पाण्यात पडला’, ‘मेमरी कार्ड गेलं’, ‘क्लाउडवर असतील, पण पासवर्ड आठवत नाही’.

माझं नायगावच्या बाजारात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे, हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे या विषयावर पुस्तकी बोलण्याची मला गरज नाही. काउंटरच्या पलीकडून लोक जे सांगतात, तेच आज सांगतो.

आधी हा क्लाउड म्हणजे काय ते बघू. दुकानात एका आजोबांनी विचारलं होतं, “ढगात ठिवलेले फोटो पाऊस पडल्यावर खाली येतेत का?” आम्ही सगळे हसलो, पण प्रश्न चुकीचा नव्हता. आकाशात काहीच नसतं. आपला फोटो इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या मोठ्या इमारतीत जातो. तिथं हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात, त्यांना थंड ठेवायची सोय असते. त्याला डेटा सेंटर म्हणतात. म्हणजे क्लाउड हे दुसऱ्याच्या वाड्यातलं भाड्याचं कपाट आहे. सामान आपलं, कपाट त्यांचं. किल्ली म्हणजे आपला मेल आयडी, पासवर्ड आणि मोबाइल नंबर.

आता चांगला अनुभव आधी सांगतो. बारावीच्या एका मुलीची बॅग बसमध्ये राहिली. मूळ गुणपत्रिका त्यात, आणि प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी. मी तिचं डिजिलॉकर उघडून दिलं आणि दहावी-बारावीच्या दोन्ही गुणपत्रिका पाच मिनिटांत निघाल्या. डिजिलॉकर ही सरकारची सेवा, १ जुलै २०१५ ला सुरू झाली. इथं एक फरक ध्यानात ठेवा. बोर्डानं किंवा आरटीओनं थेट त्यात दिलेला कागद कायद्यानं मूळ कागदासारखा धरला जातो. आपण फोटो काढून चढवलेला कागद मात्र नुसती प्रतच राहते. पुष्कळ जण घरच्या कागदांचे फोटो त्यात टाकतात आणि ‘आता मूळ कागदाची गरज नाही’ म्हणतात. तसं नाही.

दुसरा अनुभव रोजचा. “सर, फोन म्हणायलाय जागा संपली. नवा फोन हाय, सहा महिनेच झालेत!” फोनची जागा वेगळी आणि खात्याची जागा वेगळी, हे इथं कळत नाही. फोन बदलला तरी खातं जुनंच असतं. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, अॅपलच्या आयक्लाउडमध्ये ५ जीबी. गूगलच्या त्या १५ जीबीत मेल, ड्राइव्ह, फोटो हे तिन्ही आले, आणि अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही २०२४ पासून त्यातच मोजला जातो. २०१५ पासून गूगल फोटोजमध्ये ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून नवे फोटो मोजायला सुरुवात झाली. एक फोटो ४ एमबीचा धरा, १५ जीबीत पावणेचार हजार फोटो बसतात. एका लग्नात तेवढे होतात! आणि आपल्याकडे जागा भरते ती रोज सकाळी येणाऱ्या ‘शुभ सकाळ’च्या फुलांनी. हसू नका, मी मोजलंय. एका काकांच्या फोनमधून ती फुलं काढली, तर नातवाच्या बारशाच्या व्हिडिओला जागा झाली.

जागा विकत घ्यावी की नाही? ज्याला गरज आहे त्यानं जरूर घ्यावी. पण फुकट मिळालेल्या जागेची मुदत बघावी. मे २०२५ मध्ये एअरटेलनं पोस्टपेड आणि वाय-फाय ग्राहकांना गूगल वनची १०० जीबी जागा सहा महिने फुकट देऊ केली. सहा महिन्यांनंतर महिना १२५ रुपये, हे योजनेतच सांगितलं होतं. यात लपवाछपवी काही नाही. पण सहा महिन्यांत आपण कपाट भरून टाकतो, मग पैसे भरा नाहीतर सामान काढा. म्हणून अशी काही योजना घेतली की संपायची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा.

तिसरा अनुभव सगळ्यात जास्त लोकांना रडवणारा. फोन रिकामा करायचा म्हणून फोटो उडवले, आणि क्लाउडवरचेही गेले. लोकांना वाटतं, फोनमधला एक आणि क्लाउडमधला एक, असे दोन फोटो आहेत. पण बऱ्याच सेवांत दोन्हीकडची यादी एकच असते. इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जातं. गूगल फोटोजमध्ये यासाठी ‘जागा मोकळी करा’ असं वेगळं बटण आहे. ते फक्त फोनमधली प्रत काढतं. आणि बॅकअप झालेला फोटो चुकून पुसला तर तो ६० दिवस कचरापेटीत असतो. तेवढ्यात आलात तर मी चहा पाजून परत काढून देतो. त्यानंतर आलात तर फक्त चहा पाजू शकतो.

आता जरा जड गोष्ट. त्या घराची परवानगी घेऊन सांगतोय, नाव सांगणार नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, गावातल्या एका वहिनींचे यजमान गेले. वर्षभरानं त्या दुकानात आल्या, हातरुमालात गुंडाळलेला फोन घेऊन. “दादा, ह्याच्यात त्यांचा आवाज आहे. लेक लहान होती तेव्हा ते तिला गोष्ट सांगायचे, त्याचे व्हिडिओ आहेत. तिला आता आवाज आठवत नाही.”

फोन बोटाच्या ठशावर उघडायचा. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. क्लाउडचं खातं नव्या फोनवर उघडायला गेलो, तर ओटीपी त्यांच्या नंबरवर जाणार. आणि त्या नंबरवर कितीतरी महिने रिचार्जच नव्हतं. नंबर ९० दिवस वापरात नसला की कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्याला देऊ शकते. आम्ही त्या नंबरला फोन लावला, तर भलत्याच जिल्ह्यातल्या एका माणसानं उचलला. बिचारा चांगलं बोलला. पण ओटीपी अनोळखी माणसाला कोण सांगेल, आणि सांगू नये हेच आपण लोकांना शिकवतो. ज्या कंपनीचं खातं होतं तिला मृत्यू प्रमाणपत्र जोडून अर्ज केला. काही दिवसांनी उत्तर आलं की माहिती देता येत नाही. कंपनीला तरी कसं कळावं, खरा वारस कोण आणि लबाड कोण? व्हिडिओ तिथं असतील. अजूनही असतील. पण त्या लेकीला ते ऐकायला मिळाले नाहीत. गूगलनं तर दोन वर्षं न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला सुरुवात केली आहे. तेव्हा असं बंद खातं कायम राहील, हेही धरून चालता येत नाही.

आपल्या सोसायटीत आपण प्रत्येकानं नामनिर्देशनाचा अर्ज भरलाय. घर कोणाच्या नावे नोंदवायचं ते आपण जिवंतपणी लिहून दिलंय. मग फोटोंचं, आवाजांचं कोणी लिहून दिलंय? सोय आहे. गूगलमध्ये २०१३ पासून ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं इतके महिने बंद राहिलं तर अमक्याला कळवा, त्याला माझे फोटो घेऊ द्या, असं त्यात लिहून ठेवता येतं. अॅपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ म्हणून तीच सोय २०२१ पासून आहे. दहा मिनिटांचं काम आहे. अशुभ म्हणून टाळू नका. विम्याचा फॉर्म भरताना आपण वारसाचं नाव लिहितोच की.

कोणी म्हणेल, एवढा व्याप असेल तर क्लाउड नकोच, पेटीतले कागदच बरे. मला तसं वाटत नाही. आपण मराठवाड्यातली माणसं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. किल्लारी, सास्तूरकडची दगड-मातीची घरं कोसळली, सुमारे दहा हजार माणसं गेली. जी वाचली त्यांच्या पेट्या, कागद, लग्नातले फोटो ढिगाऱ्याखाली राहिले. फार लांबचं कशाला, ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावला रात्रीत पाणी शिरलं. भिजलेला सातबारा परत मिळेल, मेलेल्या आईचा एकुलता एक फोटो परत मिळत नाही. म्हणून एक प्रत गावाबाहेर पाहिजेच, आणि त्याला क्लाउडसारखी सोपी जागा नाही.

पण सगळं तिथंच ठेवून निर्धास्तही होऊ नका. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्यांमुळे आग लागली. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची ‘जी-ड्राइव्ह’ नावाची क्लाउड सेवा होती, ती जळाली. ८५८ टेराबाइट माहिती. तिची दुसरीकडे प्रतच नव्हती. एवढा पुढारलेला देश! एक प्रत म्हणजे एकच प्रत, मग ती पत्र्याच्या पेटीत असो की देजॉनला.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. या स्मरणिकेसाठी जुने ठराव बघायचे होते. प्रोसिडिंग बुकं कपाटात आहेत, दोनांना वाळवी लागलीय. त्यांचं स्कॅनिंग झालं होतं म्हणून निभावलं. पण स्कॅन कुठं होते? एका माजी पदाधिकाऱ्यांच्या खासगी खात्यात. ते आता पुण्याला असतात. भला माणूस, फोन केला तर तासाभरात सगळं पाठवलं. त्यांचे आभार. पण विचार करा, त्यांचा नंबर बंद झाला असता तर? ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातली सभासदांची रजिस्टरं, शेअर सर्टिफिकेटांची नोंद, मंजूर लेआउट, अकृषिक आदेश, हे कागद चाळीस वर्षांनीही लागणार आहेत. तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण नसू.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्या ठराव म्हणून मांडाव्यात, ही विनंती.

पहिली : सोसायटीच्या नावानं वेगळं खातं काढावं, आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबरही सोसायटीचाच असावा. त्याच्या रिचार्जचा खर्च सोसायटीनं करावा. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे बंद पाकिटात राहावा. कमिटी बदलली की चार्ज देताना शिक्क्याबरोबर हे पाकीटही द्यावं आणि पासवर्ड बदलावा.

दुसरी : महत्त्वाच्या सगळ्या कागदांची एक प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती ऑफिसबाहेर ठेवावी, आणि वर्षातून एकदा, ऑडिटच्या वेळी, ती उघडून बघावी. न उघडलेली हार्ड डिस्क चालू आहे असं समजू नये.

तिसरी : सभासदांच्या आधार कार्डांचे आणि सर्टिफिकेटांचे फोटो ग्रुपवर टाकणं बंद करावं. क्लाउडवरचा कागद पाठवतानाही ‘लिंक असेल त्या कोणालाही दिसेल’ हे न निवडता ज्याला द्यायचा त्याचाच मेल टाकावा.

घराघरासाठी मात्र एकच मागणं आहे. या रविवारी सुना-लेकींना, हैदराबाद-पुण्याहून आलेल्या मुलांना जवळ बसवा. घरातल्या प्रत्येकाचं खातं कोणत्या मेलवर आहे, नंबर कोणता जोडलाय, ते एका वहीत लिहा. आवडते शंभर फोटो निवडून कागदावर छापून घ्या. छपाई माझ्याकडेच करा असं म्हणत नाही, नांदेडला स्वस्त पडेल! मदत लागली तर रविवारी दुपारी दोन ते पाच मी ऑफिसात बसतो. पैसे नाहीत. ज्येष्ठांनी फोनबरोबर चष्मा तेवढा आणावा.

स्मरणिकेसाठी जमलेले सगळे फोटो मी एका जागी लावून ठेवलेत. २०१२ ते २०१९ चे पानं अजून रिकामी आहेत. ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी शोधावं. आपल्यातून गेलेल्या पुष्कळ मंडळींचे शेवटचे फोटो त्याच वर्षांतले आहेत, आणि ते कोणाच्या तरी जुन्या खात्यात असणार.