दोन टेकड्या आणि एक मेंढा

परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात खरपी येते. तिथून एक वाट मुक्तागिरीला वळते. सरळ गेलात तर बहिरम. दोन्ही देवस्थानं सातपुड्याच्या कुशीतली, दोन्ही उंचावरची. वऱ्हाडातला माणूस सहसा यांतली एकच वाट धरतो. मला मात्र आज दोन्ही वाटांबद्दल बोलायचं आहे.

मुक्तागिरी कागदोपत्री मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. पण तिचं नातं आपल्या अचलपूरशी. ‘निर्वाणकांड’ या जुन्या प्राकृत रचनेत तिचा ठिकाणाच मुळी अचलपूरच्या ईशान्येला असा सांगितला आहे. साडेतीन कोटी मुनी इथून मोक्षाला गेले, अशी जैन बांधवांची श्रद्धा. डोंगरावर ५२ मंदिरं. चपला खाली काढायच्या आणि पायऱ्या चढू लागायचं. पावसाळ्यात काळ्या कड्यावरून पाण्याची धार कोसळत असते, भोवती पांढरीशुभ्र शिखरं. तुषार तोंडावर येतात, पायाखालचा दगड गार लागतो, आणि वळून पाहिलं तर खाली हिरवीगार दरी. बोलणं आपोआप थांबतं.

इथली कथा आहे एका मेंढ्याची. ध्यानस्थ मुनींपुढे कड्यावरून एक मेंढा कोसळला. तडफडणाऱ्या त्या जिवाच्या कानात मुनींनी णमोकार मंत्र सांगितला. मेंढा देव झाला, डोंगर मेंढागिरी झाला. पुढे मोत्यांचा वर्षाव झाला, म्हणून मुक्तागिरी. अष्टमी-चतुर्दशीला इथं केशराचे थेंब पडतात, असं भाविक आजही सांगतात.

बहिरमचा थाट निराळा. २० डिसेंबरला यात्रा भरते, ती जानेवारी सरेपर्यंत. वर लोण्या-शेंदरानं माखलेले बहिरमबुवा. खाली राहुट्या, गोवऱ्यांचा धूर आणि मातीच्या हंडीत रटरटणारं मटण. निखाऱ्यातला रोडगा काढायचा, राख झटकायची, दोन्ही तळव्यांत दाबून फोडायचा. आतून वाफ निघते. ती चव वऱ्हाडाबाहेर सापडायची नाही.

याच यात्रेत नवसाचे बोकड कापले जात. गाडगेबाबांनी त्याविरुद्ध इथं आवाज उठवला. कोणाच्या ताटाशी माझं भांडण नाही. पण देवाच्या नावानं मुका जीव मारू नये, हे बाबांचं म्हणणं मला सोळा आणे पटतं. शेंडगावात परिटाच्या घरी १८७६ साली जन्मलेला हा माणूस. पोथी वाचण्याची संधी त्याला कधी मिळाली नाही. मुनींनी जे मेंढ्याच्या कानात सांगितलं, तेच त्यानं कीर्तनातून माणसांच्या कानात सांगितलं.

बाबा गेले तेही २० डिसेंबरलाच, १९५६ साली, अमरावतीजवळ वलगावला.

तेव्हा यंदा बहिरमला निघालात, तर खरपीहून आधी मुक्तागिरीकडे वळा. परतवाड्याहून सकाळी लवकर निघालं, तर दोन्ही टेकड्या एका दिवसात होतात.