निवृत्तीची तरतूद : घरभाडे की समभाग?



केंद्र सरकारच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून रुजू होणाऱ्यांना, सैन्यदले वगळता, निश्चित निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानावर आधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू झाली. १ मे २००९ पासून ती सर्व नागरिकांना खुली झाली. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय मिळाला आहे. खासगी व असंघटित क्षेत्रातील बहुसंख्यांना मात्र आपली तजवीज आपणच करावी लागते. त्यामुळे दुसरे घर घेऊन ते भाड्याने द्यावे की समभागांत पैसा गुंतवावा, हा प्रश्न आता केवळ धनिकांचा राहिलेला नाही.

प्रथम घराचा हिशेब मांडू. समजा, ८० लाख रुपयांचे घर दरमहा २० हजार रुपये भाड्याने दिले. वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे ३ टक्के झाले. त्यातून एक महिना घर रिकामे राहिल्याचे २० हजार, सोसायटीच्या देखभालीचे ३६ हजार आणि मालमत्ता कर व किरकोळ दुरुस्तीचे २४ हजार वजा करा. हाती उरले १ लाख ६० हजार. अवघे २ टक्के. प्राप्तिकर अजून बाकीच आहे. तेथे निव्वळ वार्षिक मूल्याच्या ३० टक्के वजावट मिळते, एवढाच दिलासा. घराची किंमत वाढते, हे खरे. परंतु आजारपणात दोन लाखांची निकड भासली, तर घराची एक खोली विकता येत नाही.

भाडे आणि कायदा यांचा संबंधही ध्यानात घ्यावा. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. त्या तरतुदी कालबाह्य व अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. दरम्यान कित्येक वृद्ध घरमालकांना मिळणाऱ्या भाड्यात गळके छप्परही दुरुस्त करता येत नव्हते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली खरी. पण तो स्वीकारायचा की नाही, हे राज्यांच्या हाती आहे.

आता समभाग. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ मध्ये १०० धरलेला आहे (निर्देशांक प्रत्यक्षात प्रसिद्ध होऊ लागला तो १९८६ पासून, परीक्षेत येथे गल्लत होते). सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने ८५ हजारांची पातळी ओलांडली. लाभांश न धरताही ही वाढ चक्रवाढीने वर्षाला सुमारे १६ टक्के पडते. हे आकडे पाहून घराचा विचारच सोडावा, असे वाटेल.

माझे एक ज्येष्ठ सहकारी जानेवारी २००८ मध्ये निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधी व उपदानाची बहुतेक रक्कम त्यांनी समभागांत घातली. त्या महिन्यात निर्देशांक २१ हजारांवर होता. ऑक्टोबरमध्ये तो ८ हजारांखाली गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये बाजार पुन्हा २१ हजारांवर आला. ते मात्र सावरले नाहीत. घरखर्चासाठी दरमहा समभाग विकावे लागत होते, तेही पडत्या भावात. विकलेले समभाग तेजीत परत येत नाहीत. पस्तिशीतील नोकरदाराला हीच मंदी स्वस्तात खरेदीची संधी असते. त्याच काळात त्यांच्या शेजाऱ्यांचे तुटपुंजे भाडे दर महिन्याला येत राहिले.

म्हणून माझ्या मते कमावत्या वयात भर समभागांवर असावा. निवृत्ती जवळ येताच तो क्रमाक्रमाने कमी करावा आणि चार-पाच वर्षांचा घरखर्च मुदत ठेव किंवा सरकारी अल्पबचत योजनांत वेगळा ठेवावा. भाड्याच्या उत्पन्नाचीच ओढ असेल, तर स्थावर संपदा गुंतवणूक न्यास, अर्थात रीट, हा पर्याय आहे. त्याचे नियम सेबीने २०१४ मध्ये केले आणि भारतातील पहिला रीट २०१९ मध्ये शेअर बाजारात नोंदला गेला. वाटपयोग्य रोख उत्पन्नापैकी किमान ९० टक्के रक्कम त्याला गुंतवणूकदारांना द्यावी लागते. भाडेकरूचा नळ गळू लागला, तर पंचाहत्तरीच्या गृहस्थाला जिने चढावे लागत नाहीत. त्याच्या युनिटचा भाव मात्र समभागासारखाच रोज हलतो.