मुदत कोणाच्या वहीत?



स्वागताध्यक्षाचं काम खरं तर तीन वाक्यांत संपतं. या, बसा, चहा झाला का? पण तसं केलं तर स्वागत समिती रागावते. ज्याच्या गावात परिषद भरते त्याने आपल्या गावाची थोरवी गायची असते, आणि पाहुण्यांनी ती ऐकून घ्यायची असते. मीही ती गाणार आहे. सोय एवढीच, की आमच्या गावाची कथा आणि तुमच्या परिषदेचा विषय एकच आहे: शहराची जमीन सांभाळायची कशी, विकायची कधी आणि पट्ट्याने द्यायची कोणाला.

आपण बसलो आहोत त्या सभागृहाखालची जमीन सभागृहाच्या मालकीची नाही. ती साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलेली आहे. सकाळपासून वाशीत तुम्ही जे जे पाहिलंत, स्थानकाबाहेरची दुकानं, सोसायट्या, पलीकडचा घाऊक बाजार, त्यातलं बहुतेक सगळं असंच उभं आहे. आम्ही नवी मुंबईकर म्हणजे साठ वर्षांचे भाडेकरू. घराला कुलूप आमचं, जमिनीला तारीख सिडकोची.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर, आणि हातात सरकारने दिलेलं चार कोटींच्या आतलं भांडवल. एवढ्या पैशात शहर उभं राहत नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या मुंबईची कल्पना मांडली, तेव्हाच त्यामागे एक हिशेब होता. जमीन हीच या शहराची तिजोरी. खाचरं, खाजणं, मिठागरं संपादन करायची, रस्ते-नळ-गटारं घालायची, तयार भूखंड पट्ट्याने द्यायचे आणि आलेल्या अधिमूल्यातून पुढचा भाग बांधायचा. मानखुर्दहून वाशीला १९९२ मध्ये लोकल आली, त्या रेल्वेच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला. जमिनीतून आलेला पैसा रुळांत गेला आणि रूळ आल्यावर जमिनीचा भाव वाढला. मालमत्ता विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पाहून आनंद होतो. आमच्याकडे बहुधा उलट चालतं. भूखंड विकायचा आणि त्यातून मार्चअखेरची बिलं भागवायची. घरातले दागिने मोडून वाण्याची उधारी फेडावी, तसं.

पण तिजोरीची गोष्ट एवढ्यावर थांबवली तर मी या मातीशी बेइमान ठरेन. ही जमीन सार्वजनिक झाली, त्याआधी ती आगरी-कोळी कुटुंबांची भातखाचरं होती. मोबदल्यासाठी लोक उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, ती १९९० पासून. त्या साडेबारा टक्क्यांतून सार्वजनिक सुविधांसाठी तीस टक्के कपात होते, म्हणजे हातात येतात पावणेनऊ. नगररचनेच्या वर्गात ही योजना आता आदर्श म्हणून शिकवतात. शिकवावी. फक्त तिची किंमत काय होती तेही फळ्यावर लिहावं.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत, तरी सांगतो.

मी एका महापालिकेच्या मालमत्ता विभागात कारकून म्हणून लागलो. कुठली ते विचारू नका. विभागात लाल कापडी बांधणीची एक जाडजूड नोंदवही होती. तिच्या एका पानावर एका मोकळ्या भूखंडाचा पट्टा होता. वार्षिक भुईभाडं अकरा रुपये. चतुःसीमा: पूर्वेस गवळ्याचा गोठा, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस चिंच, उत्तरेस रस्ता. पट्टेदार मोठा सज्जन. दर एप्रिलला अकरा रुपयांची मनीऑर्डर यायची, मी पावती फाडायचो आणि पाठवून द्यायचो. अशी किती वर्षं गेली कोण जाणे. मग शेजारच्या प्रसूतिगृहाला वाढवायला जागा हवी म्हणून कोणीतरी मूळ करारनामा काढायला सांगितला. दप्तरखान्यात दोन दिवस धूळ खाल्ल्यावर तो सापडला. पट्टा संपून नऊ वर्षं झाली होती.

साहेब म्हणाले, जागेवर जा. गेलो. गोठा नव्हता. चिंच तोडलेली. ओढा सिमेंटच्या नळात घालून वरून फरशी टाकलेली. चारांपैकी एकच सीमा शिल्लक होती, रस्ता. तोही रुंदीकरणात भूखंडाच्या आत सरकलेला. कागदावरची जमीन आणि पायाखालची जमीन जुळेना. नोटीस काढली. पट्टेदाराच्या वकिलांनी दोन ओळींचं उत्तर दिलं: मुदत संपल्यावरही मालकाने भाडं स्वीकारलं आहे, म्हणजे पट्टा पुढे चालू ठेवायला त्याची संमती आहे. सोबत नऊ पावत्यांच्या नकला. नऊही पावत्यांवर सही माझी.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ११६ मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. तोवर मला वाटायचं की भाडं वसूल करणं हेच आमचं काम. भाडं कधी नाकारायचं, हेही त्याच कामात येतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी निवृत्त झालो तेव्हा तो दावा चालू होता. प्रसूतिगृह वाढलं नाही.

मंडळी, तीन दिवसांच्या चर्चेत तुम्ही धोरणावर बोलाल, मूल्यांकनावर बोलाल, ई-लिलावावर बोलाल. माझं म्हणणं फार खालच्या पायरीवरचं आहे. विकायची की पट्ट्याने द्यायची, हा दुसरा प्रश्न. आपल्याकडे आहे काय आणि त्यातलं कधी काय परत येणार, हा पहिला. पट्टा म्हणजे एका पिढीने पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेला निर्णय. ती तारीख कोणाच्याच वहीत नसेल, तर आपण पट्टा दिलेलाच नसतो. आपण जमीन विकलेली असते, आणि तीही फुकट.

लहान गावात हे होतं, असं समजू नका. महालक्ष्मीचं रेसकोर्स २११ एकर. महापालिका आणि राज्य सरकार यांच्या मालकीची जमीन. तिच्या पट्ट्याची मुदत मे २०१३ अखेर संपली. ती तारीख साऱ्या मुंबईला पाठ होती, वर्तमानपत्रांत रोज छापून येत होती. तरी पुढची व्यवस्था ठरायला २०२४ उजाडलं. तेव्हा १२० एकर उद्यानासाठी आणि ९१ एकर शर्यतींसाठी तीस वर्षांच्या पट्ट्याने, अशी वाटणी झाली. वाटणी बरी की वाईट, यावर जेवताना खुशाल भांडा. मला खुपतात ती मधली अकरा वर्षं. तारीख माहीत असणं पुरत नाही. त्या तारखेला जमिनीचं काय करायचं, हे निदान पाच वर्षं आधी ठरलेलं असावं लागतं.

मुदतीचा विषय निघालाच आहे तर ९९९ वर्षांच्या पट्ट्यांबद्दल एक शब्द. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दादर, माटुंगा ही त्याने वसवलेली नेटकी वस्ती. त्या काळापासून ९९ आणि ९९९ वर्षांचे पट्टे मुंबईच्या दप्तरात आहेत. ९९९ वर्षं म्हणजे किती, ते बघा. एक हजार वर्षं मागे गेलात तर इथे शिलाहारांचं राज्य लागतं. शके ९४८, म्हणजे १०२६ सालचा छित्तराजाचा ताम्रपट भांडुपला मिळाला आहे. त्यात साष्टीतल्या एका शेताचं दान आहे, आणि आमच्या लाल वहीसारखीच चतुःसीमाही आहे. चंद्रसूर्य असेपर्यंत, ही त्या काळची मुदत. शर्तभंग करणाऱ्यासाठी गधेगाळ नावाचा दगड रोवत. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली गाढव. त्या गाढवाचं पुढे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांनी चहाच्या वेळी शेजाऱ्याला विचारावं. आमच्या शर्तभंगाच्या नोटिशीत तेवढा दम कधीच नव्हता. माझ्या मते ९९९ वर्षांचा पट्टा ही विक्रीच आहे, फक्त विक्रीची किंमत न घेता केलेली.

याच्या उलट टोकाला सध्या सगळ्यांना मालकी हक्क हवा आहे. राज्य सरकारने २०१९ मध्ये भोगवटादार वर्ग दोनच्या आणि पट्ट्याच्या सरकारी जमिनी वर्ग एक करण्याचे नियम आणले. २०२४ मध्ये सिडकोच्या पट्ट्याच्या जमिनीही शुल्क घेऊन मालकी हक्काने देण्याचा निर्णय झाला. माझंही घर अशाच सोसायटीत आहे, तेव्हा माझं मत पक्षपाती समजा. राहत्या घरांच्या बाबतीत मला हा निर्णय पटतो. लोकांना मालकीचं वेड नाही. त्यांना खिडकीचा कंटाळा आला आहे. घर विकताना हस्तांतरण शुल्क, कर्ज काढताना ना हरकत, पुनर्विकासाला परवानगी, आणि प्रत्येक वेळी तोच शिपाई तीच फाइल शोधतो. हा त्रास कमी केला असता तर निम्म्या सोसायट्यांनी पट्ट्याबद्दल हूं की चूं केलं नसतं. पण व्यापारी भूखंड, मंडईच्या जागा, स्थानकाशेजारचे मोक्याचे तुकडे यांची मालकी सोडू नये. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीए ऐंशी वर्षांच्या पट्ट्याने देते, तरी बोली लावणारे मागे हटत नाहीत. मालकी मिळत नाही म्हणून धंदा थांबतो, ही ओरड त्या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

भावाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ चालू बाजारमूल्याच्या खाली जाऊ देत नाही, आणि ते बरंच आहे. एक रुपया नाममात्र भाड्याने कोणाच्या संस्थेला काय मिळालं, याच्या याद्या प्रत्येक शहरात तोंडपाठ असतात. पण सर्वांत मोठी बोली हीच सर्वांत चांगली, हेही खरं नाही. दवाखान्याचा भूखंड सर्वाधिक बोलीने गेला की तिथे तपासणीची फीही सर्वाधिक होते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. मुंबई बंदराच्या जमिनींच्या भाडेवाढीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २००४ च्या निकालात न्यायालयाने सार्वजनिक संस्थेला खाजगी घरमालकासारखं नफेखोरपणे वागता येणार नाही, अशी भूमिका घेतली. मालक म्हणून कडक आणि शहर म्हणून न्यायी, दोन्ही एकदम व्हायचं. जमतं का, ते आपल्या दुसऱ्या दिवसाच्या सत्रात कळेलच.

आता स्वागत समितीचं मूळ काम. निवासाची सोय तीन ठिकाणी आहे, गाड्या सकाळी साडेआठला निघतील. जेवणात तांदळाची भाकरी आहे, आणि ज्यांना चालतं त्यांच्यासाठी आगरी पद्धतीचं मासळीचं कालवण. गावच्या बचत गटाच्या बायका पहाटेपासून चुलीपुढे आहेत, तेव्हा ताटात टाकू नका. उद्या दुपारी एक फेरी ठेवली आहे. त्यात टोलेजंग इमारती दाखवणार नाही. वीस वर्षं फलक लावून रिकामे पडलेले भूखंड दाखवणार आहोत. व्यवस्थेत काही उणीव दिसली तर थेट मला सांगा, पत्र लिहू नका. पत्र दप्तरखान्यात जाईल.

आणि एक विनंती. सोमवारी आपापल्या कचेरीत गेलात की एकच काम करा. येत्या दहा वर्षांत मुदत संपणाऱ्या पट्ट्यांची यादी काढा, भूखंडावर स्वतः उभं राहून चतुःसीमा तपासा, आणि ती यादी फाइलला न लावता भिंतीवर लावा. त्यातला एखादा पट्टा आधीच संपलेला निघाला, तर निदान या एप्रिलची पावती फाडू नका.

आपणा सर्वांचं नवी मुंबईत मनापासून स्वागत. उद्घाटकांना विनंती, की त्यांनी दीपप्रज्वलन करावं.