बंद टाकीतील हवा
(बार्ज, गोदी व जहाजदुरुस्ती कामगारांच्या सुरक्षा-प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिरस्त्राण, जाड बूट, हातमोजे आणि भिंतीवरील रंगीत फलक उभे राहतात. क्रेनचा झिजलेला दोर, तेलाने निसरडा झालेला डेक, उघडे राहिलेले हॅच हे धोके डोळ्यांना दिसतात, आणि जे दिसते त्यापासून माणूस थोडाफार तरी जपून राहतो. आज ज्या धोक्याविषयी मला बोलावयाचे आहे, तो दिसत नाही आणि बहुतेक वेळा त्याला वासही नसतो. बार्जच्या, जहाजाच्या किंवा कारखान्याच्या बंद टाकीतील हवा, हा तो विषय होय.

मांडवी आणि झुवारी या नद्या, त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा आणि मुरगाव बंदर, या मार्गाने गोव्याचे लोहखनिज अनेक दशके बार्जमधून वाहिले गेले. बार्जच्या तळाशी आणि दोन्ही अंगांना पोलादी पत्र्याच्या रिकाम्या टाक्या असतात. एरवी त्यांची झाकणे बोल्टांनी घट्ट आवळलेली असतात. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले, तेव्हा अनेक बार्जी महिनोन्महिने नदीकाठी बांधून राहिल्या. अशी बार्ज दुरुस्तीसाठी, रंगकामासाठी किंवा तोडण्यासाठी घेतली की पहिले काम म्हणजे टाकीचे झाकण उघडून आत उतरणे. आत तेल नव्हते, रसायन नव्हते, कधी काही साठविलेच नव्हते. मग भीती कसली, असा प्रश्न सहजच विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर पत्र्यावरील गंजात आहे. लोखंड गंजते ते हवेतील प्राणवायू शोषून. खाडीच्या खारट ओलाव्यात ही क्रिया वेगाने होते. पन्नास घनमीटर मापाची एक टाकी घ्या. तिच्यातील हवेत सुमारे १३ किलो प्राणवायू असतो. साधारण १५ किलो लोखंड गंजले की त्यातील निम्मा संपतो. १५ किलो हा आकडा ऐकावयास मोठा वाटेल. पण चारी बाजूंच्या, तळाच्या व छताच्या पत्र्यांवर तो वाटून टाकला, तर जाडीत पडणारा फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे कागदाच्या जाडीहूनही कमी भरतो. एवढा गंज कोणाच्या लक्षातही येणार नाही. बाहेरून नवी हवा येण्यास वाट नसते. टाकी जितकी घट्ट बंद, तितकी ती अधिक घातक, हे वाक्य विपरीत वाटले तरी सत्य आहे.

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत २०.९ टक्के प्राणवायू असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की विचारशक्ती मंदावते, हातपाय जड होतात. दहा टक्क्यांखाली शुद्ध हरपते. सहा टक्क्यांच्या आसपास काही मिनिटांत मृत्यू येतो. गुदमरल्यासारखे वाटेल तेव्हा वर येऊ, असे पुष्कळांना वाटते. हा समज फार घातक आहे. कोंडल्याची जी जाणीव शरीराला होते, ती मुख्यतः साठत जाणाऱ्या कर्बवायूमुळे होते. प्राणवायूच्या अभावाने नव्हे. प्राणवायूहीन हवेत एकदोन श्वास घेताच शिडीवरचा माणूस हात सोडतो. ओरडण्यासही त्याला अवसर मिळत नाही.

गंजाखेरीज दुसरीही कारणे आहेत. ट्रॉलरवरील मासळीच्या खणात उरलेली मासळी आणि तिचे पाणी कुजले की प्राणवायू तर संपतोच, शिवाय हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा. परंतु प्रमाण वाढले की तो वायू प्रथम नाकाचीच शक्ती मारतो. वास नाहीसा झाला म्हणून निर्धास्त झालेला खलाशी अशा वेळी खरोखर मृत्यूच्या दारी उभा असतो. टाकीतील पाणी उपसण्यासाठी पेट्रोलवर चालणारा पंप आतच उतरविणे ही आणखी एक रूढ चूक. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. दगडी कोळसा, लाकूड आणि काही धातुखनिजे जहाजाच्या बंद पोटात असता तेथील प्राणवायू शोषून घेतात, हेही गोदी कामगारांनी लक्षात ठेवावयास हवे.

आपल्या खेड्यांत जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची रीत होती. त्या रीतीमागील शहाणपण मी कमी लेखत नाही. उतरण्यापूर्वी हवा तपासली पाहिजे, हे त्या माणसांना कळले होते. पण ज्योत विझते ती प्राणवायू १६ ते १७ टक्क्यांवर आल्यावर, म्हणजे माणसाची बुद्धी आधीच मंदावू लागलेली असते तेव्हा. विषारी वायूची वार्ता ज्योत देत नाही. आणि आत रंगाच्या द्रावणाची किंवा इंधनाची वाफ असेल, तर ती ज्योतच स्फोट घडवील. टाकीच्या तोंडाशी कंदील, काडी किंवा विडी नेऊ नये, ती याचसाठी.

आज हवा मोजणारे हातात मावेल एवढे उपकरण मिळते. ते बाहेरच्या मोकळ्या हवेत आधी पडताळून घ्यावे. मग स्वतः बाहेर राहून, नळीच्या साहाय्याने टाकीच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातील हवा तपासावी, कारण काही वायू जड असल्याने तळाशी बसतात व काही वर राहतात. प्रथम प्राणवायू, नंतर ज्वालाग्राही वायू, नंतर विषारी वायू, हा क्रम सोडू नये. कारण असे की, प्राणवायू फार कमी असेल तर ज्वालाग्राही वायू मोजणाऱ्या कित्येक यंत्रांचा काटा खोटे बोलतो. दोन झाकणे असतील तर दोन्ही उघडावीत, पंख्याची नळी तळापर्यंत सोडावी, आणि पंखा काम संपेपर्यंत चालू ठेवावा. जेवणाच्या सुटीत पंखा बंद झाला असेल, तर पुन्हा उतरण्यापूर्वी पुन्हा मोजणी. घण मारून गंजाचे पापुद्रे काढताना किंवा तळचा चिखल ढवळताना अडकलेले वायू सुटतात, म्हणून सकाळची मोजणी दुपारी ग्राह्य धरता येत नाही.

येथे वेल्डिंग व गॅस कटिंग करणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर करतो. टाकीत हवा कोंदट वाटते म्हणून सिलिंडरमधील प्राणवायू आत सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो कदापि करू नये. प्राणवायूचे प्रमाण जरा वाढले की तेलकट कपडे, केस, दोर क्षणात भडकतात आणि ती आग अंगावरून झटकता येत नाही. कटरच्या नळ्या रात्री टाकीत ठेवून घरी जाणे हाही तसाच अपराध. एका गळक्या जोडामुळे सकाळची पहिली ठिणगी शेवटची ठरू शकते.

आणि तोंडाला लावावयाच्या गाळणीच्या मुखवट्याविषयी एवढेच सांगतो की, तो असलेली हवा गाळतो, नसलेला प्राणवायू निर्माण करीत नाही. बंद टाकीत त्याचा भरवसा धरणे व्यर्थ आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अशा अपघातांचा क्रम बहुधा सारखाच असतो. एक जण उतरतो, पडतो. वरचा त्याला हाक मारतो, उत्तर नाही. तो त्याचा सोबती असतो, गाववाला असतो, कित्येकदा सख्खा भाऊ असतो. तो क्षणाचाही विचार न करता शिडी धरतो. मग तिसरा. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इशाऱ्यात असे नमूद होते की, बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचविण्यासाठी धावलेले होते. पहिल्याला अज्ञानाने मारले. दुसऱ्याला त्याच्या चांगुलपणाने. म्हणूनच मी असे मानतो की, या विषयातील प्रशिक्षण म्हणजे वायूंची नावे पाठ करणे नव्हे. धावत सुटणाऱ्या पायांना तोंडाशीच थांबण्याची सवय लावणे, हे खरे प्रशिक्षण. अशी सवय भाषणाने लागत नाही, फलकाने तर नाहीच. वारंवार सराव केल्यानेच लागते.

कायद्यानेही हे ओळखले होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३६ व्या कलमाने, योग्य व्यक्तीने तपासणी करून लेखी दाखला दिल्याखेरीज अशा जागेत प्रवेश निषिद्ध केला होता. अन्यथा श्वसनयंत्र आणि कमरपट्टा हवा, आणि त्या पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती हवे. हा अधिनियम व १९८६ चा गोदी कामगार सुरक्षा अधिनियम यांसह तेरा कायदे २०२० च्या संहितेत एकत्र केले गेले. समुद्रावरील जीवित-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने १ जानेवारी २०१५ पासून बंदिस्त जागेतील प्रवेश व सुटका यांची कवायत दर दोन महिन्यांनी बंधनकारक केली, आणि १ जुलै २०१६ पासून हवा मोजणारे उपकरण जहाजावर असणे आवश्यक ठरविले. परदेशी जाणाऱ्या जहाजांसाठी असलेला हा करार नदीतील बार्जला किंवा लहान ट्रॉलरला लागू होत नाही. पण बार्जचा पत्रा काही निराळ्या रीतीने गंजत नाही. करार लागू नसला तरी कवायत करण्यास कोणाची मनाई आहे?

या कवायतीत भाषेचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या धक्क्यांवर कोकणी, मराठी, कानडी, हिंदी, उडिया, तेलुगू बोलणारे कामगार खांद्याला खांदा लावून काम करतात. इंग्रजीत छापलेल्या परवान्यावर अंगठा घेऊन प्रशिक्षण झाल्याची नोंद करणे, ही कागदाची सुरक्षा झाली. जो माणूस आत जाणार आहे, त्याने यंत्रावरील आकडा स्वतः वाचून आपल्या भाषेत मोठ्याने सांगावा. मगच मास्टरने वा सारंगाने सही करावी. आकडा २०.९ पासून ढळलेला असेल तर कारण कळेपर्यंत उतरू नये, आणि नाही म्हणणाऱ्या खलाश्याची त्या दिवसाची मजुरी कापू नये. रोजंदारी जाण्याच्या भीतीने शिडी उतरलेल्या माणसाला निष्काळजी म्हणण्याचा अधिकार मालकाला किंवा ठेकेदाराला पोहोचत नाही.

बाहेर ठेवलेल्या माणसाचे काम क्षुल्लक समजून तेथे सर्वांत नवख्या पोराला बसवितात. ते थांबविले पाहिजे. आत कोण, किती वाजता गेले, याची नोंद त्याच्यापाशी असावी. दोराचे टोक त्याच्या हाती असावे. त्याला दुसरे कोणतेही काम सांगू नये, चहा आणण्याचेसुद्धा. आतून उत्तर आले नाही तर त्याने गजर करावा, दोर ओढावा, पंखा चालू आहे हे पाहावे. आणि श्वसनयंत्र घातलेली प्रशिक्षित माणसे येईपर्यंत, आतला माणूस कोणीही असो, शिडीवर पाय ठेवू नये.

उद्या सकाळी आठ वाजता आपण धक्क्यावर जमू. तेथे एका रिकाम्या टाकीत सत्तर किलो वजनाचा वाळूचा पुतळा ठेवला जाईल, आणि तो मॅनहोलमधून तिकाटण्याच्या दोराने वर काढावयाचा आहे. झाकणाचे तोंड अरुंद आहे. पुतळ्याचे खांदे तेथे अडकतील. पट्टा कोठे बांधला म्हणजे ते अडकत नाहीत, हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने बांधून पाहावयाचे आहे. मास्टर आणि ठेकेदार यांनीही कामाचे कपडे घालून यावे.