खिसेवाला मफलर आणि सावलीची नक्षी

आज क्रोशाच्या एका मफलरविषयी बोलायचं आहे. जाड लोकरीचा, लांबलचक, दोन्ही टोकांना हात घालायला खिसे असलेला. हिवाळ्यात लंडन-टोरंटोला मुलांकडे राहून आलेल्यांनी तो तिथल्या बायकांच्या गळ्यात पाहिला असेल. आपल्याकडे एखाद्या प्रदर्शनात तो टांगलेला दिसतो, तेव्हा विणकामातली जाणती बाई त्याला हात लावते आणि म्हणते, ‘किती हो जाडंभरडं!’

तिचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त तिची नजर जाळीवर पोसलेली आहे. आपल्या घरांत क्रोशा म्हणजे पांढरा दोरा, बारीक आकड्याची सुई आणि ताटावरचा रुमाल, रुखवतातलं तोरण, फार तर बाळाची कुंची. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरहून निघून जिथे समुद्राला मिळते, त्या आंध्रातल्या नरसापूरच्या परिसरात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बायकांना क्रोशा शिकवला, तीही दोऱ्याची लेसच. मारिया मीस या अभ्यासक स्त्रीने १९८२ साली या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. जगाच्या बाजारासाठी राबणाऱ्या या बायकांना ‘रिकाम्या वेळात विणणाऱ्या गृहिणी’ म्हणून किती कमी मोल दिलं जातं, ते त्यात आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण दोन सुयांच्या विणकामाची यंत्रं केव्हाच निघाली, पण खरा क्रोशा आजही माणसाच्या हातानेच होतो. दुकानात अगदी स्वस्त क्रोशा दिसला की ती स्वस्ताई कुणाच्या तरी बोटांतून आलेली असते.

तर, जाळीत आपण काय बघतो? भोकं. ती सारखी आहेत का, दोरा किती नाजूक आहे. या मापाने मफलर नापास होणारच. त्याला भोकं नकोतच, वारा शिरेल. त्यात बघायच्या असतात सावल्या.

हातातल्या सुईपासून सुरुवात करू. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते. एक घर निसटलं की ते खालपर्यंत उसवत जातं. क्रोशात सुईवर बहुतेक वेळा एकच फास. टाका पुरा झाला की त्याचा हिशेब तिथेच मिटतो, आणि पुढचा टाका कुठे घालायचा याची विणणारीला मोकळीक मिळते. साखळी घातली, तिच्यावर खांबांची, म्हणजे उंच उभ्या टाक्यांची, ओळ उभी केली. आता दुसऱ्या ओळीचा खांब रीतीप्रमाणे खालच्या खांबाच्या माथ्यात न घालता, सुई त्या खांबाच्या कमरेभोवती फिरवून घाला. नवा खांब पुढे उचलून येतो. याला आपण उठावाचा खांब म्हणू. सुई मागच्या बाजूने फिरवली तर तोच खांब आत दबतो. खांब पुढे काढायचा की मागे ढकलायचा, एवढ्याच निवडीवर किती नक्ष्या उभ्या आहेत!

त्यांतली मला सर्वांत आवडणारी, खोल चौकोनांची. एका ओळीत एक खांब उठावाचा आणि दोन साधे. परतीच्या ओळीत उलट: दोन उठावाचे, एक साधा. परतताना आपण मागच्या बाजूने विणत असतो, म्हणून त्या ओळीतल्या उठावाने पुढच्या बाजूला आडव्या कडा येतात. उभ्या कडा आधीच्या ओळीने दिलेल्या असतात. दोन्ही मिळून चौकट होते, मधला चौकोन खोल राहतो. रंग एकच, लोकर एकच, तरी नक्षी दिसते ती त्या चौकोनातल्या अंधारामुळे. असा मफलर पाहायचा असेल तर खिडकीशी न्या आणि उजेड बाजूने पडू द्या. समोरून दिवा टाकला की अर्धी नक्षी पुसली जाते. आणि डोळे मिटून बोटं फिरवून बघा; रेडिओवरून मी याहून चांगलं काही दाखवू शकत नाही.

याच कारणाने अशा विणीला सप्तरंगी लोकर वापरणं मला पटत नाही. रंग उड्या मारायला लागले की सावली कोण बघणार? काळ्या लोकरीत तर सावली बुडूनच जाते. राखाडी, मोहरी, विटकरी असे रंग घ्यावेत. तसंच गोळ्यांचं. एकाच टाक्यात पाच-सहा खांब अर्धवट सोडून सगळ्यांची तोंडं एकदम बंद केली की कापसाच्या बोंडासारखा गोळा फुगून येतो. एखादी ओळ सुरेख दिसते. पण हौसेने मफलरभर गोळे पेरले की तो गळ्यात अडकवलेलं ओझं होतो.

क्रोशावर जुना आरोप आहे की तो लोकर खातो आणि कापड ताठ होतं. दोन सुयांच्या साध्या विणीपेक्षा लोकर जास्त लागते, हे खरं. पण इथे तोच गुण आहे. त्या जाडीत, त्या खळग्यांत हवा अडकून राहते, आणि ऊब देते ती ही अडकलेली हवा. शिवाय ताठपणा नसता तर खिसा लोंबला असता.

अशाच उबेसाठी व्हिक्टोरिया राणीने आयुष्याच्या अखेरीस, ऐंशीच्या घरात असताना, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी क्रोशाने आठ मफलर विणले. खाकी लोकरीचे. त्यांतले चार १९०० साली वसाहतींच्या फौजांमधल्या साध्या शिपायांना शौर्याबद्दल मिळाले. कॅनडाच्या शिपायाचा मफलर ओटावाच्या युद्धसंग्रहालयात आहे. ही क्रोशाची दुसरी शाखा, उबेची. आपल्या घरांत ती कुंचीपलीकडे फारशी वाढली नाही. आपल्या थंडीला तिची गरजही नव्हती म्हणा.

आता खिसे. विणणारीची खरी परीक्षा इथे होते, कारण सुई आठ-दहा मिलिमीटरची, रुंदीत जेमतेम पंधरा-वीस टाके. चूक लपवायला जागाच नाही. टोक वर दुमडून दोन्ही कडा शिवल्या की खिसा झाला, असं वाटतं. पण टोक दुमडताच कापडाची मागची बाजू पुढे येते, आणि आपले खोल चौकोन मागून सपाट दिसतात. म्हणून जाणती विणकर खिशापुरती वीण मुद्दाम उलटी करते. पुढे उठवायचं ते मागे, मागचं पुढे. दुमडल्यावर नक्षी खालपासून वरपर्यंत सलग येते. ही जोडाची रेघ आधी शोधा. सापडायला वेळ लागला तर काम उत्तम.

मग मफलर गळ्यात घालून खिशात हात घाला. कोपर थोडं वाकलेलं राहिलं आणि हात मनगटापर्यंत आत गेला तर लांबी बरोबर. हात ताणावा लागला तर विणणारीने मफलर टेबलावरच मोजलेला आहे. खिशात मोबाइल टाकून चार पावलं चाला. आडव्या ओळींचा मफलर वजनाने हळूहळू लांबतो. ओळी लांबीच्या दिशेने असतील तर सुरुवातीची साखळीच टोकापासून टोकापर्यंत जाते आणि त्याला आवरून धरते.

शेवटी खिशाचं तोंड. रोज हात आत-बाहेर होऊन ते सैल पडतं, म्हणून तिथली शेवटची ओळ लहान सुईने, घट्ट विणायची असते. प्रदर्शनात उभ्या असलेल्या बाईंना एवढंच विचारा, ‘ताई, तोंडाला सुई बदललीत का?’ हो म्हणाल्या, तर भाव करू नका.