किराण्याच्या फळीवर बाटली कोणासाठी?

(अहिल्यानगर जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



दारूचा विषय निघाला की आपल्याला गावठी भट्टी, देशीचे दुकान, रात्री दारावर बसणारी लाथ आठवते. आज मी वाईनबद्दल बोलणार आहे. काहीजणी म्हणतील, हा शहरातल्या पैसेवाल्यांचा प्रश्न, आपला काय संबंध? संबंध आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ठरवले, की हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकता येईल. कारण सांगितले शेतकऱ्यांचे. वाईन म्हणजे दारू नव्हे, असेही खासदार संजय राऊत यांनी सांगून टाकले. आपल्या जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला. लोकांची मते मागवू, असे आश्वासन मिळाल्यावर ते स्थगित झाले. निर्णय तेव्हा मागे पडला, पण त्यामागचा विचार गेलेला नाही. म्हणून तो तपासू या.

वाईन दारू नाही का? तिच्यात साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ४२.८ टक्क्यांपेक्षा कमी, बिअरपेक्षा जास्त. कमी म्हणजे नाही, असे नव्हे.

आता शेतकरी. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, करात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क काढले. पण वाईनची द्राक्षे वेगळ्या जातीची असतात. खायच्या द्राक्षांच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. कारखान्याने पाठ फिरवली की शेतकरी अडकला. २००८ च्या मंदीनंतर हेच झाले. मागणी घसरली, कारखाने बंद पडले, नाशिककडे कित्येकांनी वाईनच्या बागा तोडल्या. आपल्या शेजारच्या नारायणगावची शातो इंडाज ही बडी कंपनीही कर्जात बुडाली. आणि बागेत छाटणीला, घड विरळायला जाणारी मजूर बाई? तिच्या रोजाबद्दल कोणी चकार शब्द काढला का? राज्यातली बहुतेक द्राक्षे आजही खाण्यासाठीच पिकतात. मग शेतकऱ्याचे नाव पुढे करून नफा कोणाचा वाढवायचा?

या धंद्याची बाईकडे बघायची नजरही ओळखून घ्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये शहाद्याला तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन यांनी साखर कारखान्याला सल्ला दिला, की दारूला बायकांची नावे द्या, खप वाढेल. टीका झाल्यावर त्यांनी माफी मागितली. पण बाई म्हणजे माल खपवायचे साधन, हा हिशेब एका भाषणापुरता नाही. एकीकडे बाटलीवर बाईचे नाव, दुसरीकडे हातात वाईनचा ग्लास असलेली ‘आधुनिक’ बाई. दोन्हीकडे गल्ला त्यांचाच.

सगळ्यांत मोठा प्रश्न आपल्या हक्काचा आहे. गावातले दारूचे दुकान बंद करायला २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग मतदान. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. ऊसतोडीला गेलेली, सासऱ्याने घरी कोंडलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारख्याच. तरीही २०१६ मध्ये पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या बायकांनी बाटली आडवी केली. आता बाटली तेल-मिठाच्या शेजारी आली, तर अर्ज कोणाविरुद्ध करायचा? किराणा दुकानाविरुद्ध? जिथे आपण पोरांना साखर आणायला पाठवतो?

फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या जेवणावळीत विषारी दारूने माणसे मेली. मागे राहिल्या त्या बायका. दारू पाजून मते घेणारे आणि दारू विकून तिजोरी भरणारे वेगळे नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट करते. आपण सोवळेपणाच्या बाजूने नाही. पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके मारण्याचा मार्गही आपला नाही. मारहाणीविरुद्ध लढणाऱ्यांनी मारहाणीचा आधार घ्यायचा नसतो. कोणी काय प्यावे हा आपला वाद नाही. आपल्या वस्तीत काय विकावे हे ठरवताना आपल्याला विचारा, एवढेच म्हणणे आहे.

म्हणून आपल्या मागण्या: किराणा दुकानात कोणतीही दारू नको. मतदानात हजर महिलांचे बहुमत धरा. दुकानाचा परवाना देण्याआधी महिलांची ग्रामसभा घ्या. येत्या ग्रामसभेत प्रत्येकीने हे तीन ठराव लेखी मांडावेत, आणि ते इतिवृत्तात उतरल्याशिवाय उठू नये.