ताश्कंद ते बिश्केक : आपली संसद काय विचारते?

(गोंदिया येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मध्य आशियातल्या देशांशी आपले संबंध आणि त्यांवर संसदेत होणारी चर्चा, हा विषय गोंदियात कशाला, अशी शंका कुणाच्याही मनात येईल. धानाच्या बोनसवर बोला, रेल्वेवर बोला, लोक ऐकतील. उझबेकिस्तान आणि किरगिझस्तान दिल्लीवाल्यांनी बघून घ्यावेत. ही समजूत खोडावी, एवढ्यासाठीच हा विषय मी इथे मांडतो आहे.

सुरुवात आपल्याच मतदारसंघापासून करू. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि हा जिल्हा मध्य प्रदेशात. मतदारसंघ दोन जागांचा. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते पडले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. त्यानंतर काही महिन्यांतच, २६ ऑगस्ट १९५४ रोजी, बाबासाहेब राज्यसभेत बोलायला उभे राहिले ते परराष्ट्र धोरणावर. तिबेट, पंचशील, चीनवर टाकलेला विश्वास, या सगळ्याची त्यांनी त्या दिवशी झडती घेतली.

ही त्यांची जुनीच भूमिका होती. १९५१ च्या मंत्रिपदाच्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी सरळ हिशेब मांडला होता. वर्षाकाठी ३५० कोटींचा महसूल आणि त्यातले १८० कोटी सैन्यावर. एवढा खर्च करावा लागतो, कारण आपल्या परराष्ट्र धोरणाने आपल्याला मित्र ठेवलेले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. हे मत कुणाला पटो न पटो, त्यामागची रीत मला फार मोलाची वाटते. परदेशाशी असलेलं नातं त्यांनी घरच्या जमाखर्चात शोधलं. आजच्या व्याख्यानात मी त्याच वाटेने जाणार आहे.

आता आधी एक घटनात्मक गोष्ट. आपल्या देशात परराष्ट्रांशी करार सरकार करतं. करार लागू होण्यासाठी संसदेची मंजुरी लागतेच, असं राज्यघटना म्हणत नाही. अमेरिकेत सिनेटने दोन तृतीयांश मतांनी संमती दिल्याशिवाय तह पक्का होत नाही. आपल्याकडे तशी अट नाही. करारासाठी नवा कायदा लागणार असेल तर अनुच्छेद २५३ खाली संसद तो करते. भारताची भूमी दुसऱ्या देशाला द्यायची झाली तर घटनादुरुस्तीच करावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या बेरुबारी प्रकरणात सांगून ठेवलं आहे. बाकी करारांवर मंत्री सही करतात आणि संसदेला ते मागाहून कळतं.

याचं लख्ख उदाहरण कझाकस्तानचं आहे. अमेरिकेशी झालेल्या अणुकरारावरून २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर मतदान झालं. सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरलं. सगळा देश दूरदर्शनसमोर बसला होता. पुढे अणुइंधन घेण्यावरची बंदी उठली आणि प्रत्यक्ष युरेनियमचा प्रश्न आला. कझाकस्तानचे अध्यक्ष नझरबायेव जानेवारी २००९ मध्ये प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे म्हणून आले, तेव्हा युरेनियम पुरवठ्याचा सामंजस्य करार झाला. २०१५ मध्ये पाच हजार टनांचा आणखी एक करार झाला. यांपैकी कशावरही मतदान नाही. ज्या करारावर सरकार पणाला लागलं, तो अमेरिकेशी. इंधनाचा एवढा मोठा पुरवठा आला तो कझाकस्तानातून, आणि त्याबद्दल संसदेत जे काही आलं ते बहुतेक प्रश्नोत्तरांतून.

तुर्कमेनिस्तानच्या वायूचंही असंच. तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारत अशी वायुवाहिनी टाकायची योजना. तिच्या सरकारी करारावर ११ डिसेंबर २०१० रोजी अश्गाबादला भारताच्या वतीने सही केली ती पेट्रोलियम मंत्री मुरली देवरा यांनी, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्यसभा सदस्याने. डिसेंबर २०१५ मध्ये तिकडे भूमिपूजन झालं, त्याला आपले उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. राज्यसभेचे सभापतीच गेले, वायू मात्र अजून आला नाही. त्या वाहिनीचं काय झालं, हा प्रश्न सदस्य वर्षानुवर्षं विचारत आले आहेत.

मग मध्य आशियावरून संसद कधी पेटून उठलीच नाही का? उठली, एकदा.

१९६५ च्या युद्धानंतर सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांनी भारत आणि पाकिस्तानला ताश्कंदला बोलावलं. आज ते उझबेकिस्तानची राजधानी आहे. तेव्हा सोव्हिएत संघातलं एक शहर. लालबहादूर शास्त्रींबरोबर परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग होते आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. यशवंतराव तेव्हा नाशिकचे खासदार, १९६३ च्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आलेले. १० जानेवारी १९६६ रोजी जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ च्या पूर्वीच्या जागी परतायचं ठरलं. त्याच रात्री शास्त्रीजी गेले.

म्हणजे हाजी पीरची खिंडही सोडायची. आपल्या जवानांनी ऑगस्टमध्ये रक्त सांडून घेतलेली ती खिंड. पुनर्वसन मंत्री महावीर त्यागी यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. जनसंघाने जाहीरनाम्याला उघड विरोध केला. फेब्रुवारीत संसदेचं अधिवेशन भरलं तेव्हा सरकारची अवस्था नाजूक होती. ज्यांनी सही केली ते पंतप्रधान हयात नव्हते. नव्या पंतप्रधान इंदिरा गांधी पदावर येऊन महिनाही झाला नव्हता. आणि ज्या संरक्षणमंत्र्यांच्या कारकिर्दीत खिंड जिंकली, त्यांच्याच कारकिर्दीत ती रिकामी व्हायची होती.

वादाचं मूळ पाहा. हाजी पीर हा आपल्याच जम्मू-काश्मीरचा भाग, असा आपला दावा. मग तिथून सैन्य काढणं म्हणजे आपली भूमी देऊन टाकणं की नुसतं सैन्य मागे घेणं? भूमी देणं म्हटलं तर घटनादुरुस्ती हवी. सैन्य मागे घेणं म्हटलं तर सरकारचा निर्णय पुरेसा. ताश्कंदमध्ये झालेल्या सहीचा अर्थ अखेर आपल्या घटनेच्या कलमांवर तपासला गेला. संसदेचं काम म्हणतात ते हेच. तिने करार मोडला नाही, तिला तो मोडता येतही नव्हता. पण सरकारला आपली कारणं उघडपणे, इतिवृत्तात नोंदली जातील अशी, मांडावी लागली. आज साठ वर्षांनीही ती कारणं वाचून आपण वाद घालू शकतो, ते त्यामुळे.

पुढची पंचवीस वर्षं मध्य आशियावर वेगळी चर्चा व्हायचं कारण नव्हतं. सगळा कारभार मॉस्कोशी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि पाच देश स्वतंत्र झाले. तेव्हा पंतप्रधान होते पी. व्ही. नरसिंह राव, आपल्या शेजारच्या रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले. मे १९९३ मध्ये ते उझबेकिस्तान आणि कझाकस्तानला गेले, सप्टेंबर १९९५ मध्ये तुर्कमेनिस्तान आणि किरगिझस्तानला. संबंधांची पायाभरणी त्या काळातली.

आता या पाच देशांवर संसदेत चर्चा होते म्हणजे कशी होते? ‘कझाकस्तान’ असा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येऊन दिवसभर भाषणं झाली, असं चित्र कुणी डोळ्यांसमोर आणू नये. हे संबंध मंत्रालया-मंत्रालयांत वाटलेले असतात. युरेनियमचा प्रश्न अणुऊर्जा विभागाकडे, म्हणजे पंतप्रधानांकडे. वायूचा पेट्रोलियम मंत्रालयाकडे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचा परराष्ट्र मंत्रालयाकडे, आणि त्याच विद्यार्थ्यांच्या पदवीचा आरोग्य मंत्रालयाकडे. मंत्रालयांचे पाच गट असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार. एका देशाशी असलेलं नातं असं पाच वारांत विखुरतं. ते गोळा करून पाहणारा सदस्य लागतो.

हत्यार आहे ते प्रश्नाचं. लोकसभेत सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. रोज २० तारांकित प्रश्न यादीत येतात, तेही सोडत काढून. त्यांतले चार-सहाच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. बाकीच्यांची उत्तरं लेखी. अतारांकित प्रश्न रोज २३०, त्यांना फक्त लेखी उत्तर. तारांकिताची खरी ताकद पूरक प्रश्नांत आहे. लेखी उत्तर मंत्रालयातला अधिकारी तयार करतो. पूरक प्रश्नाला मंत्र्याला उभ्या जागी बोलावं लागतं. मंत्री ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणाले, की ते आश्वासन ठरू शकतं. ते तीन महिन्यांत पुरं व्हावं लागतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. पण हे सगळं प्रश्न धारदार असेल तरच. ‘अमुक देशाशी संबंध दृढ करण्यासाठी सरकार काय करत आहे?’ असं विचारलं, की ‘संबंध ऐतिहासिक आणि बहुआयामी आहेत’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. बोथट प्रश्नाला मऊ उत्तर मिळतं, यात अधिकाऱ्याचा काय दोष?

शिवाय परराष्ट्र व्यवहारांची स्थायी समिती असते, ३१ जणांची, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. तिथे कॅमेरे नसतात, पक्षाची आरडाओरड कमी असते, सचिवांना बोलावून तासन्‌तास विचारता येतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या सभागृहात बहुतेक वर्षी चर्चेविना मंजूर होतात. त्यांची छाननी होते ती या समितीत.

आता गोंदियाकडे येऊ. आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली सुरू झालं. जागा मोजक्या, इच्छुक अपार आणि खासगी महाविद्यालयाची फी शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. म्हणून विदर्भातली मुलं डॉक्टर व्हायला किरगिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान गाठतात. एकट्या किरगिझस्तानात भारतीय विद्यार्थ्यांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त सांगितली जाते.

१७ मे २०२४ च्या रात्री बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. काही दिवसांपूर्वी स्थानिक तरुण आणि इजिप्शियन विद्यार्थी यांच्यात झालेल्या मारामारीची चित्रफीत पसरली होती, तिचा हा भडका. आपल्या दूतावासाने मुलांना खोलीतच राहायला सांगितलं. इकडे पालकांचे प्राण कंठाशी आले.

आणि संसद? आपण १९ एप्रिललाच मतदान करून मोकळे झालो होतो. निकाल ४ जूनला. सतराव्या लोकसभेचं शेवटचं अधिवेशन फेब्रुवारीत संपलेलं. नवी लोकसभा भरली ती २४ जूनला. स्थायी समित्या नेमायला सप्टेंबर उजाडला. म्हणजे ज्या घडीला प्रश्न विचारायचा, त्या घडीला विचारायला सभागृहच भरलेलं नव्हतं. दूतावासाने काम केलं, मंत्र्यांनी समाजमाध्यमांवर लिहिलं. पण त्या आठवड्यात कुणाला सभागृहात उभं राहून जाब देता आला नाही आणि मागताही आला नाही. पुढे अधिवेशन भरेपर्यंत बातमी शिळी झाली होती. विद्यार्थी मात्र तिथेच होते.

संसदेच्या चर्चेची खरी परीक्षा अशा वेळी असते. बातमी ताजी असताना सगळेच बोलतात. शिळी झाल्यावर विचारायचे प्रश्न जास्त कामाचे असतात, आणि ते काय असावेत ते आपण सांगायचं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम सांगतात, की परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा, तिथेच १२ महिन्यांची आंतरवासिता हवी आणि त्या देशातही वैद्यकी करण्याची नोंदणी मिळण्याजोगी हवी. मग विचारा : किरगिझस्तानातल्या कोणत्या महाविद्यालयांचा अभ्यासक्रम यात बसतो, ही माहिती प्रवेशाआधी पालकाला कुठे मिळते? नियमात न बसणाऱ्या ठिकाणी मुलं पाठवणाऱ्या दलालांवर किती गुन्हे दाखल झाले? आणीबाणीत सर्व विद्यार्थ्यांपर्यंत पोचण्याएवढा कर्मचारीवर्ग बिश्केकच्या दूतावासात आहे का? परत आलेल्यांपैकी पात्रता परीक्षेत देशवार किती उत्तीर्ण होतात? पहिला आणि चौथा आरोग्य मंत्र्यांना, तिसरा परराष्ट्र मंत्र्यांना. दुसऱ्याचं उत्तर ‘पोलीस हा राज्याचा विषय’ असं येईल. ते गृहीत धरून पूरक प्रश्न तयार ठेवावा.

मध्य आशियाशी आपलं आणखी एक नातं आहे, त्याला पारपत्र लागत नाही. हिवाळ्यात नवेगावबांधसारख्या तलावांवर उतरणारे पाहुणे बदक मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. हा मार्ग ३० देशांवरून जातो. त्याच्या रक्षणाची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदच्या परिषदेत मान्य झाली आणि तिच्या समन्वयाची जबाबदारी भारताने घेतली. त्यासाठी पैसा किती आणि त्यातला आपल्या मालगुजारी तलावांना किती, हा प्रश्न पर्यावरण मंत्र्यांना विचारण्याजोगा आहे.

आपल्या जिल्ह्याला लोकसभेचे दोन सदस्य आहेत : भंडारा-गोंदियाचे डॉ. प्रशांत पडोळे आणि, आमगावचा भाग गडचिरोली-चिमूरमध्ये मोडतो म्हणून, डॉ. नामदेव किरसान. राज्यसभेत प्रफुल पटेल आहेत. कुणाचा पक्ष कोणताही असो. प्रश्नाला पक्ष नसतो. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पत्र गेलं पाहिजे. पत्रात भावना कमी आणि तपशील जास्त असावा : नियम कोणता, तारीख कोणती, मंत्रालय कोणतं.

१९६६ साली ताश्कंदवर संसद गाजली, कारण हाजी पीरसाठी जवानांनी दिलेले प्राण घरोघर ठाऊक होते. बिश्केकवर ती फारशी बोलली नाही, कारण पालकांची काळजी दूरध्वनीवरच राहिली, प्रश्न होऊन दिल्लीला गेली नाही. परराष्ट्र धोरण सभागृहात पोचतं ते मतदारसंघातून. सदस्य काय विचारतात हे बऱ्याच अंशी त्यांना काय विचारलं जातं यावर ठरतं. तेव्हा पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या खासदारांना भेटाल तेव्हा धानाच्या बोनसबरोबर विद्यार्थ्यांविषयीचे हे चार प्रश्नही कागदावर लिहून न्या, आणि उत्तर आलं की ते वाचायला मागून घ्या.